पद्मिनीचं पेट्रोल: ११५ चा जेट गेला, १२० चा आला

मागच्या नोंदीत रडलो होतो की यवतेश्वरच्या घाटात माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी खोकते. साताऱ्यात सपाटीवर बिनतक्रार. चढ लागून दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की कार्बोरेटरमधून फट् फट्. पॉइंट, कंडेन्सर, प्लगच्या वायरी, ठिणगीचं सगळं नवं घातलं. दोन महिने गेले, खोकला तसाच.

शेवटी मिस्त्रीमामांनी घाट चढून आल्या आल्या प्लग काढला. नाक पांढरंफटक, खडू लावल्यासारखं. म्हणाले, "दादा, वात नाही, गाडी उपाशी चाललीय."

उपाशी, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. का, ते गच्चीवर कळलं. झाकणाचं १०० मिलीचं मोजपात्र घेतलं. १० मिली पाण्यात निळ्या शाईचे दोन थेंब टाकले आणि वरून १०० च्या खुणेपर्यंत पंपावरचं साधं पेट्रोल भरलं. हलवून ठेवलं. (उघड्यावर, आणि विडीवाल्या शेजाऱ्याला खाली पाठवून.) दहा मिनिटांनी निळा थर १० वर नव्हता, २७ च्या आसपास होता. वाढलेलं ते सगळं इथेनॉल. पेट्रोल सोडून ते पाण्याकडे गेलं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं म्हणतात ते डोळ्यांनी पाहिलं.

आता गणित. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च, कारण ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. वीस टक्क्यांच्या मिश्रणाचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. आपला सोलेक्स कार्बोरेटर म्हणजे पितळेतलं एक भोक. त्याला काय कळणार? हवा तेवढीच, पेट्रोल तेवढंच, आणि मिश्रण पातळ. हंगामात घाटात उसाच्या ट्रॉलीमागे अडकायचं आणि पुढे त्याच उसाच्या इथेनॉलपायी खोकायचं, असं आपलं नशीब.

मधल्या काळात "ऑक्टेन वाढव" असं जो भेटेल त्याने सांगितलं. म्हणून दोन्ही करून पाहिलं. महागातलं ९५ ऑक्टेनचं घातलं, काही फरक नाही. पुण्याला गेलो तेव्हा लिटरला दीडशेच्या वर मोजून १०० ऑक्टेनचं भरलं आणि येताना खंबाटकीत गाडी लोण्यासारखी चढली! मी खूश. पण घरी मोजपात्रात तेच पेट्रोल ओतलं तर निळा थर १० वरून हलला नाही. म्हणजे गुण ऑक्टेनचा नव्हता, इथेनॉल नसण्याचा होता. तसंही १०८९ सीसीच्या या इंजिनाचं कॉम्प्रेशन आठाच्या खाली. टकटक होण्याची भीतीच नाही, तर ती थांबवणाऱ्या ऑक्टेनला पैसे कशाला मोजायचे? इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभरच्या वर असतो, त्यामुळे साध्या पेट्रोलमध्येही त्या बाबतीत काही कमी नाही.

तेव्हा निर्णय: साधंच पेट्रोल, आणि गाडी त्याच्या मापाची करायची.

मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं ते पितळी भोक, ११५ चा होता, १२० चा घातला. आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग, १.१५ वरून १.२०. ऐकायला किरकोळ, पण भोकाचं क्षेत्रफळ साधारण ९ टक्क्यांनी वाढतं, आणि तूट तेवढीच होती. आयडलिंगचा मिक्श्चर स्क्रू अर्धा आटा बाहेर. आता प्लगचं नाक बिस्किटी. घाट चढताना एकही फट् नाही. मायलेज १३ वरून १२ वर आलं, ते मी गिळलं.

रबराचं काम जास्त महत्त्वाचं निघालं. पेट्रोल पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची जुनी नळी ब्लेडने उभी चिरली. आतलं रबर बोटाला काळं लागत होतं, ओल्या काजळासारखं. पंपाच्या डायफ्रॅमची कड फुगलेली. नळी आणि डायफ्रॅम दोन्ही इथेनॉल सोसणाऱ्या एफकेएम रबराचे आणले. नळी गरम इंजिनावर गळली असती तर खोकल्याचं दुखणं बरं म्हणायची वेळ आली असती. तुमच्या गाडीला जेट बदलायचा नसेल तर नका बदलू, पण नळी आजच चिरून बघा.

शिशाबद्दल दोघांनी विचारलं होतं. पेट्रोलमधलं शिसं वॉल्व्हच्या सीटला जपायचं. २००० साली शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं, तेव्हापासून वॉल्व्हची सीट खाली बसेल म्हणून टाकीत टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल टाकणारे लोक आहेत. मी टाकत नाही. दर हजार किलोमीटरला टॅपेटची (वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली) फट मोजतो. सीट बसायला लागली की फट कमी होत जाते. माझी अजून हललेली नाही.

राहिली टाकी. पावसाळ्यात गाडी उभी असते, इथेनॉल हवेतलं दमट ओढतं, आणि पारदर्शक फिल्टरच्या तळाशी तांबडी भुकटी दिसायला लागली आहे. यंदा जूनआधी टाकी उतरवणार आहे. आतून कोटिंग करून वर्षभर हेच पेट्रोल वापरलेलं कुणी असेल, तर कोटिंग पोपड्यासारखं सुटलं का, तेवढं सांगा.