निळी गोळी आणि बरोबरीची स्पर्धा

‘उत्तेजक द्रव्यांवर बंदी कशाला, सगळ्यांनाच घेऊ द्या, म्हणजे स्पर्धा आपोआप बरोबरीची होईल,’ असे व्यायामशाळेतील माझा एक मित्र दर ऑलिंपिकच्या वेळी ऐकवतो. त्याचे बोलणे ऐकले की मला पूर्व जर्मनी आठवते, कारण तिथे सरकारनेच हा उद्योग घाऊक प्रमाणात करून पाहिला होता.

१९७४ पासून उत्तेजकांचा वापर ही तिथली गुप्त सरकारी योजना होती. ओरल-ट्युरिनाबोल या स्टेरॉइडची, म्हणजे पुरुषी संप्रेरकासारख्या औषधाची, छोटी निळी गोळी जीवनसत्त्वाची म्हणून किशोरवयीन मुलींच्या हातावर ठेवली जाई आणि घरी आईवडिलांना त्याचा पत्ताही नसे. परदेशी जाण्यापूर्वी खेळाडूंचे मूत्रनमुने क्राइशा येथील सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेत, आणि ज्यांच्या नमुन्यात अंश सापडे त्यांना मागेच ठेवत. चोर पकडायचे यंत्र चोराच्याच घरी!

गोळ्यांचा भर मुलींवर होता, आणि मित्राला द्यायचे उत्तर मला तिथेच सापडते. पुरुषी संप्रेरक मुळातच कमी असलेल्या स्त्रीच्या शरीरावर अशा औषधाचा परिणाम कितीतरी अधिक होतो. एकच गोळी सर्वांना सारखी लागू पडत नसेल, तर बरोबरी कसली? १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला जलतरणातील १३ पैकी ११ सुवर्णपदके पूर्व जर्मनीने नेली. अमेरिकेच्या शर्ली बॅबाशॉफने त्या मुलींच्या घोगऱ्या आवाजाविषयी उघड शंका घेतली, तर तिच्याच देशातील वृत्तपत्रांनी तिला खडूस ठरवले. वैयक्तिक शर्यतींतील तिची तिन्ही रौप्यपदके आजही रौप्यच आहेत.

जिंकणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हे मात्र पदकतालिकेत दिसत नाही. यकृत आणि हृदयाचे विकार, बिघडलेली मासिक पाळी, पुढे मातृत्वातील अडचणी. पूर्व जर्मनीची गोळाफेकपटू हायडी क्रीगर हिला सोळाव्या वर्षापासून या गोळ्या मिळत होत्या. १९८६ मध्ये श्टुटगार्टला २१.१० मीटर गोळाफेक करून तिने युरोपीय सुवर्ण जिंकले, तोवर शरीर ओळखीचे उरले नव्हते. १९९७ मध्ये शस्त्रक्रिया करून हायडी आंद्रेआस झाला. आपण कोण, हा गोंधळ मनात आधीपासून होता, पण त्याचा निर्णय स्वतः घेण्याची संधी गोळ्यांनी हिरावून घेतली, असे त्याचे म्हणणे आहे.

क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने बावीस महिन्यांची शिक्षा ठोठावली. ती स्थगित होती, त्यामुळे ते घरी गेले.