हजार फुटांचं आभाळ

खिडकीची सीट मिळाली की कधीतरी हे हमखास दिसतं. आपल्या विमानाच्या खालून दुसरं एक विमान उलट्या दिशेने सटकन निघून जातं. 'ते बघ' म्हणेपर्यंत नाहीसंही होतं. शेजारचा प्रवासी मान वळवून म्हणतो, "किती जवळून गेलं हो!"

जवळून म्हणजे बहुधा हजार फुटांवरून. मीटरमध्ये तीनशेच्या जरासं वर. एवढं तर आपण सकाळी दुधाची पिशवी आणायला चालत जातो. पण विमानांच्या जगात ते पुरेसं मानलेलं अंतर आहे. पूर्वी 29,000 फुटांच्या वर दोन हजार फूट ठेवायचे. उंची मोजणारी यंत्रं सुधारली आणि 2003 पासून भारताच्या आकाशात तिथेही हजारावर भागवलं जातं. शिवाय पूर्वेकडे जाणाऱ्यांनी विषम आकड्यांच्या उंचीवर उडायचं आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सम. एका पातळीवर समोरासमोर यायचा प्रश्नच नको.

"एवढं मोठं आभाळ, तिथे टक्कर होतेच कशी?" असं लोक विचारतात. आभाळ मोठं आहे, कबूल. पण उतरायचं सगळ्यांना एकाच पट्टीवर असतं. मुंबईत धावपट्ट्या दोन, त्याही एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणजे व्यवहारात एका वेळी एकच. तिच्यावर तासाला चाळीसहून जास्त विमानं चढ-उतार करतात. हाकेच्या अंतरावर जुहूचा विमानतळ, तिथून हेलिकॉप्टरं उडतात. त्यात आता खाडीपलीकडे नवी मुंबईचाही विमानतळ आला.

घाटकोपर-कुर्ल्याच्या गच्चीवरून संध्याकाळी हा सगळा हिशेब दिसतो. पूर्वेला दिव्यांची ओळ लागलेली असते. एक उतरायला आलं, दुसरं मागे, तिसरं अगदी बारीक ठिपक्याएवढं. मधे काही मैलांचं अंतर. पुढचं विमान अवजड असेल तर जास्त, कारण त्याच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात आणि लहान विमानाला ते उलटंपालटं करू शकतात. ओळीत जागा नसली तर बाकीच्यांना थोपवून ठेवतात. लांबट गोल घिरट्या, एकाच्या वर हजार फुटांवर दुसरं. सगळ्यात खालचं सुटलं की वरचे एकेक पायरी खाली. आत बसलेले आपण मात्र तोच समुद्र पुन्हा दिसला की चुकचुकतो.

मग पायलट समोर बघत नाहीत का? बघतात. पण इथे डोळाच दगा देतो. दोन जेट विमानं समोरासमोर आली तर मधलं दहा किलोमीटर अंतर वीस-बावीस सेकंदांत संपू शकतं. आणि जे विमान खरोखर आपल्यावर येऊन आदळणार असतं, ते काचेत सरकतच नाही. एका जागी थांबलेला ठिपका, शेवटच्या काही क्षणांत एकदम फुगणारा. सरकणारा ठिपका डोळ्यात भरतो आणि तो निरुपद्रवी असतो. म्हणून आकड्यांवर भिस्त. नियंत्रकाने उंची सांगायची, कॉकपिटने तोच आकडा परत म्हणून दाखवायचा. ऐकताना पाढे घोकल्यासारखं वाटतं खरं.

पण आकडा म्हणून दाखवणं वेगळं आणि पाळणं वेगळं. 12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी दिल्लीहून सौदिया या सौदी कंपनीचं जम्बो निघालं होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन जातीचं विमान उतरायला येत होतं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना मार्ग एकच, कारण आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं. सौदियाला 14,000 फूट, इल्युशिनला 15,000. मधे तेच हजार फूट. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. कॉकपिटमधून सांगतील तेच खरं. इल्युशिनमध्ये नियंत्रकाशी बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं होतं. त्याच्यासमोर उंचीचा स्वतंत्र काटा नव्हता. पुढे बसलेल्यांच्या खांद्यावरून त्याने डोकवायचं. विमान पंधराच्या खाली घसरत गेलं. हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही आदळली. 349 माणसं गेली. हवेतल्या टकरींमध्ये याहून मोठी आजवर झालेली नाही.

न्यायमूर्ती लाहोटींच्या आयोगाने चौकशी केली. नंतर येण्याचे-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं, आणि टीकॅस नावाची पेटी भारतात सक्तीची झाली. ही पेटी आसपासच्या विमानांना सतत विचारत राहते, तू कुठे, किती वर. धोका दिसला की आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" म्हणते, आणि तो वाढला तर सरळ हुकूम: चढ, किंवा उतर. यातली खरी हुशारी अशी की दोन्ही विमानांतल्या पेट्या आपसात ठरवून घेतात. एकीने "चढ" म्हटलं की दुसरी "उतर"च म्हणणार. रस्त्यात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकतात, तसं इथे होत नाही.

एकदा मात्र झालं. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीत, युबरलिंगन गावावर. झुरिकचा एकटा नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. त्याने रशियन विमानाला उतरायला सांगितलं. त्याच विमानातली पेटी चढायला सांगत होती. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान पेटीचं ऐकून उतरतच होतं. 71 जण गेले, त्यांत बरीचशी शाळकरी मुलं.

तेव्हापासून जगभर या बाबतीत संदिग्धता उरलेली नाही. पेटीने हुकूम दिला की पाच सेकंदांत पाळायचा, नियंत्रक काहीही म्हणो. कॉकपिटमधून "टीकॅस आरए" (आरए म्हणजे पेटीचा हुकूम) एवढंच कळवायचं, आणि धोका टळेपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाला वर-खाली काही सांगायचं नाही. जबाबदार माणसाने ऐन संकटात हात आखडता घ्यावा, हे पचायला मला वेळ लागला.

एअरबसने 2009 पासून आणखी पुढची सोय केली. आधी ए-380 मध्ये, मग इतर विमानांत. पेटीचा हुकूम ऑटोपायलट स्वतःच पाळतो, पायलटने नजर ठेवायची. आमच्या इमारतीतल्या एका काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माणसावर विश्वासच नाही!" माझ्या मते उलट आहे. पाच सेकंदांत दचकायचं, समजून घ्यायचं आणि हातही हलवायचा, एवढं कुणाकडूनच मागू नये. काकांना पटलेलं नाही. पुढच्या महिन्यात ते मुलाकडे दुबईला चाललेत, आणि तिकीट नेमकं ए-380 चं आहे.