तुम्ही विचारलंत म्हणून: श्वासाने कळा कमी होतात का?

सातवा महिना लागला की हा प्रश्न हमखास येतो: नॉर्मल बाळंतपणासाठी श्वासाचे व्यायाम शिकवतात, त्याने कळा कमी दुखतात का?

कळ यायची तशीच येते. पण भीतीने बाई दात आवळते, खांदे वर ओढते, मांड्या घट्ट धरते, आणि या ताणाने दुखणं वाढतं, दमही लवकर जातो. श्वासाने हा वरचा भार उतरतो. तेवढाही पुष्कळ असतो.

डॉक्टरांची हरकत नसेल तर २८ व्या आठवड्यापासून रोज १० मिनिटं सराव करा. बसून किंवा डाव्या कुशीवर. उताणं नको, गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडून गरगरतं. ४ सेकंद नाकाने श्वास आत, ६ सेकंद सैल तोंडाने बाहेर. ऐन भरातली कळ साधारण मिनिटभराची, म्हणजे असे ६ श्वास. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला ती शिगेला पोचते, मग ओसरते. हा हिशेब अंगात मुरायला हवा. मुठीत बर्फाचा खडा धरून मिनिटभर हाच श्वास घ्या. पंख्याखाली शांत बसून तर कुणालाही जमतो! कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडणं मात्र गरोदरपणात बंद.

सगळ्यात जास्त चुकतं ते घाईने. पहिल्याच कळेला भराभर धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. ओठांना, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. अशा वेळी ओंजळ नाकातोंडावर धरून श्वास लांब सोडायचा. सोबतीला असलेल्या बाईने 'घाबरू नको' म्हणत बसण्यापेक्षा स्वतः तिच्यासमोर तसा श्वास सोडून दाखवावा.

गर्भपिशवीचं तोंड ८-९ सेंटीमीटर उघडलं की कधीकधी जोर करावासा वाटतो. पूर्ण १० होण्याआधी जोर केला तर तिथे सूज येऊ शकते. म्हणून चहा निववतो तशा छोट्या फुंकरी मारायच्या. पूर्ण उघडल्यावर कळेसोबत आपसूक येईल तेवढाच जोर, दहा आकडे श्वास कोंडून नाही. डोकं दिसू लागलं की पुन्हा फुंकरी. डोकं सावकाश आलं तर फाटण्याचा धोका कमी.

पाणी हिरवट गेलं, रक्त वाहू लागलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर श्वास मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.