रवाळ

आज मोडिकाला जाऊन आलो, मी आणि आई. चॉकलेटसाठी प्रसिद्ध गाव, इटलीतल्या सिसिली बेटावर येऊन चार दिवस झाले तरी राहिलंच होतं. कटानियाहून दोनेक तासांची बस, आई अर्धा वेळ झोपलेली आणि मी चॉकलेटची दुकानं मॅपवर सेव्ह करत बसलेले. डार्क असेल तर सत्तर टक्के कोकोच्या खाली मी बघत पण नाही, थोडा माज आहे, मान्य.

कोर्सो उंबेर्तो म्हणजे तिथला मेन रोड, पावलापावलावर चॉकलेट. एका दुकानात चाखायला तुकडे ठेवलेले, ते बघूनच माझं तोंड वाकडं झालं. चकाकी नाही, वर पांढुरकं काहीतरी, आपल्याकडे मे महिन्यात पर्समध्ये वितळून परत घट्ट झालेलं चॉकलेट दिसतं ना, डिट्टो तसं. तोंडात टाकलं तर कर्रकन साखर दाताखाली! म्हटलं झालं, शिळा माल टुरिस्टांच्या गळ्यात मारतायत. मी आईला हळूच म्हटलं, चल निघू. तर ती डोळे मिटून चघळतेय. म्हणाली, "अगं, रवाळ आहे. कणीदार तुपासारखं."

रवाळ! दहा वर्षं मी चॉकलेटबद्दल बडबडतेय आणि हा शब्द मला सुचला नाही.

मग काउंटरवरच्या बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं की इथली पद्धतच अशी. कोको जेमतेम चाळीसेक डिग्रीपर्यंत गरम करायचा, त्यात साखर मिसळायची, तेवढ्याशा गरमीत ती विरघळतच नाही, आणि बाकीचे लोक मशीनमध्ये तासन्‌तास घोटून मऊ करतात ते इथे नाहीच. दूध नाही, वरून कोको बटर पण नाही. सिसिलीवर स्पॅनिश लोकांचं राज्य होतं तेव्हा त्यांनी ही पद्धत मेक्सिकोकडून आणली म्हणतात. २०१८ मध्ये युरोपियन युनियनचं आयजीपी पण मिळालंय, म्हणजे आपल्या जीआय टॅगसारखंच. कोपऱ्यात पूर्वी कोको वाटायचे तो दगड ठेवलेला, मधे खोलगट, खाली बुटके पाय. आई म्हणाली, "हा तर पाटा! वरवंटा कुठाय?" वरवंटा मागे होता, लाटण्यासारखा.

मग रीतसर सगळं चाखलं. दालचिनीचं चांगलं, मिरचीचं आधी काहीच नाही आणि मग घशात जाळ, व्हॅनिला ठीकठाक. मला आवडलं ते साधं, काही न घातलेलं. कोको आधी विरघळतो आणि साखर मागे राहते, त्यामुळे कडू आणि गोड एकत्र येतच नाहीत, आधी एक, मग दुसरं. असं चॉकलेट मी आधी कधीच खाल्लं नव्हतं.

सहा बार घेतले. सान जॉर्जोच्या चर्चच्या पायऱ्या चढायच्या होत्या, पण आईचे गुडघे आणि माझा आळस, खालूनच फोटो काढला. बसमध्ये एक बार संपला. उरलेले पाच आईने तिच्या बॅगेत बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात भरलेत आणि डबा माझ्यापासून लांब ठेवलाय.