ओढ्यातली बुरशी, भुईमुगाची खोडकूज: चाचणी लावण्याचा माझा अनुभव

ओढ्यात कुजणाऱ्या पानांवरची बुरशी भुईमुगाच्या खोडकुजीच्या बुरशीला रोखते का, हे मी प्रयोगशाळेत तपासतो. त्यासाठी पाण्यात बुडून काळी पडलेली, नुसती शिरांची जाळी उरलेली पाने सर्वांत कामाची. पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात सह्याद्रीतल्या सावलीच्या, खळाळत्या ओढ्यातून ती त्याच पाण्यासकट पिशवीत भरून थंड पेटीत आणतो. गाळात रुतलेली पाने घेत नाही. त्यांच्यावर पुढे जिवाणूच माजतात.

पाने धुऊन सेंटिमीटरभराचे तुकडे करतो. निर्जंतुक पाण्यात ते टाकून, माशांच्या टाकीचा पंप लावून २० अंशांना ४८ तास हवा सोडली की बीजाणू सुटतात. बुरशीशास्त्रज्ञ इंगोल्ड यांनी १९४२ मध्ये इंग्लंडमधल्या ओढ्यातून ज्यांचे वर्णन केले, ते चार हातांचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येतात. वाकडे, लांबट असतील तर जपून. फ्युजॅरियम या दुसऱ्याच बुरशीचेही तसेच दिसतात. बारीक सुईने एकेक बीजाणू उचलून २ टक्के माल्ट अगरवर (बुरशी वाढवायच्या घट्ट माध्यमावर) ठेवतो. माध्यमात लिटरमागे जिवाणू रोखणारे २५० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल असते. अगरवर या बुरश्या बहुधा बीजाणू देत नाहीत. ओळख पटवायला वसाहतीची पट्टी कापून पुन्हा उथळ पाण्यात बुडवावी लागते.

खरी गोची पुढे आहे. खोडकूज घडवणारी बुरशी, स्क्लेरोशियम रोल्फसी, ९० मिलिमीटरची पेट्री डिश तीन-चार दिवसांत व्यापते. ओढ्यातली बुरशी आठवड्यात जेमतेम रुपयाएवढी. दोघींच्या ५ मिलिमीटरच्या चकत्या एकाच दिवशी समोरासमोर ठेवल्या तर निकाल आधीच ठरलेला. म्हणून ओढ्याच्या बुरशीला ७ ते १० दिवस आधी लावतो आणि तुलनेच्या डिशमध्येही तेवढेच जुने, पण रिकामे माध्यम वापरतो. नाहीतर सुकलेल्या अगरामुळे खुंटलेली वाढ आपण बुरशीच्या खात्यावर मांडून बसतो. नुसत्या रोगबुरशीची त्रिज्या ४० आणि समोरासमोरच्या डिशमध्ये २२ मिलिमीटर आली, तर अटकाव ४५ टक्के.

आकडा बरा आला तरी थांबत नाही. माल्टच्या द्रवात १४ दिवस वाढवलेल्या बुरशीचा अर्क ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून माध्यमात १० टक्के मिसळतो. तुलनेला तेवढाच कोरा माल्टद्रव. अर्कानेही वाढ रोखली, तरच द्रव्य बाहेर पडते असे म्हणता येते. क्लॅव्हॅरिऑप्सिस ॲक्वाटिका या पाण्यातल्याच बुरशीपासून मिळालेली क्लॅव्हॅरिऑप्सिन ही बुरशीरोधक द्रव्ये अशीच. जिवंत बुरशी शेतात टाकण्यावर माझा भरवसा नाही: तिला १५-२० अंश मानवतात, रोगाला २७-३०. त्या कामाला ट्रायकोडर्मा ही मातीतली उपयोगी बुरशीच बरी.

निवडलेल्या वसाहतींच्या चकत्या निर्जंतुक पाण्याच्या कुप्यांत, ४ अंशांना जपून ठेवतो.