मागची रांग

डिसेंबरात गोदाकाठी धुकं उतरायला लागलं, की आमच्या पंचवटीतल्या शाळेत गॅदरिंगची गडबड सुरू व्हायची. मधल्या सुट्टीनंतर बाक भिंतीला सरकवायचे आणि नाच बसवायला घ्यायचा. मी प्राथमिकची बाई. दरवर्षी लेझीम, कोळीनृत्य, एखादी दिंडी ठरलेली. ज्यांची पावलं पक्की ती पुढे, ज्यांना जमत नाही ती मागच्या रांगेत. बरीच वर्षं मी हे असंच केलं.

तिसरीतल्या एका मुलीला ऐकू येत नव्हतं. तिला तर मी नाचात घेतलंच नाही. फुलांची परडी देऊन पाहुण्यांजवळ उभं केलं. नवं परकर-पोलकं घालून ती हौसेने आली होती. ढोल सुरू झाला तशी परडी खाली ठेवून ती स्टेजच्या कडेला गेली आणि लाकडी फळ्यांवर दोन्ही तळवे टेकून उभी राहिली. प्रत्येक ठोक्याला तिची मान हलत होती. ठेका एकदाही चुकला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही ढोल थेट फळ्यांवरच ठेवला. आपला नाशिकचा ढोल तो, त्याचा घुमारा लाकडातून सरळ तळपायात चढतो. ती अनवाणी नाचली. तिला काय कळतं ते बघायला म्हणून बाकीच्यांनीही मोजे काढले. कुणी फळीला गाल लावून पालथं पडलं. थंडीने पाय काकडत होते, पण पोरं उठायला तयार नव्हती.

तेव्हापासून नाच बसवण्याआधी आठवडाभर आम्ही ‘आरसा-आरसा’ खेळायला लागलो. जोडीतल्या एकाने हलायचं, दुसऱ्याने तसंच करायचं. वडील गेल्यापासून गप्प झालेला एक मुलगा नुसता खांदे पाडून उभा राहायचा. त्याच्या जोडीदारानेही तसेच खांदे पाडले आणि तसाच उभा राहिला. तीन दिवस. चौथ्या दिवशी त्या मुलाने एक हात वर केला, समोरचाही हात वर गेला, आणि तो हसला. नंतर वाचनात आलं, की मॅरियन चेस नावाच्या नर्तिकेने १९४२पासून वॉशिंग्टनच्या एका मनोरुग्णालयात जवळपास हेच केलं होतं. रुग्णाची हालचाल आपल्या अंगात उतरवून ती त्याच्याशी संवाद साधत असे. नृत्योपचाराची सुरुवात करणाऱ्यांत तिचं नाव घेतात. वाचून मला फार बरं वाटलं.

पण मागची रांग खरी मोडली ती पेठ तालुक्यातून मामाकडे शिकायला आलेल्या मुलामुळे. त्याच्या बोलीला मुलं हसायची, म्हणून तो बोलायचंच टाळायचा. एकदा मी सगळ्यांना विचारलं, तुमच्या घरी कोणता नाच करतात? तो उठला, शेजारच्या मुलाच्या कमरेत हात घातला आणि पाय टाकायला लागला. त्या वर्षी तारपा नाच ठरला. त्याचे आजोबा भोपळ्याचा तारपा फडक्यात गुंडाळून एसटीने आले. तारपा वाजवणारा मध्ये, मुलं हातात हात गुंफून त्याच्याभोवती. तो वळेल तसं रिंगण वळायचं.

रंगीत तालमीत आम्हा शिक्षकांतच वाद झाला. सगळी मुलं आत तोंड करून नाचली तर प्रेक्षकांना पाठी दिसणार! मुलांना बाहेर वळवायचं ठरत होतं, तेवढ्यात तो मुलगा मोठ्याने म्हणाला, “बाई, तारप्याकडे पाठ करायची नसते.” वर्गासमोर इतकं मोठं वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. मग कुणीच काही म्हणालं नाही.

त्या गॅदरिंगचा फोटो माझ्या कपाटात आहे. फोटोग्राफर रांगेत उभे राहा म्हणून ओरडत होता, पण पोरांनी हात सोडले नाहीत. फोटोत निम्म्या मुलांच्या पाठीच दिसतात. आजोबांच्या अगदी समोर, अनवाणी, आता पाचवीत गेलेली माझी परडीवाली आहे.