२४ की २८?

गेले दोन महिने एकाच प्रश्नात अडकलोय, कॅमेऱ्यासाठी वाइड प्राइम (म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी, झूम न होणारी लेन्स) घ्यायची तर २४ एमएमची घ्यायची की २८ ची. भावाला सांगितलं तर म्हणाला चार मिलिमीटर म्हणजे किती ते पट्टीवर दाखव बघू. दाखवलं. त्यानंतर त्याने विषय काढलेला नाही.

पण त्याला कोण सांगणार की हे चार एमएम साधे नाहीत. तिकडे टेलीमधे, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समधे, २०० आणि २०४ चा फरक जेमतेम पाव अंशाचा, कुणाच्या बापाला कळणार नाही. वाइडला मात्र फुल फ्रेमवर (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर ३५ ला साधारण ६३ अंश दिसतं, २८ ला ७५, २४ ला ८४ आणि २० ला ९४, म्हणजे एकेक पायरी उतरलं की खोलीची अजून एक भिंत आत येते.

मग हुशारी केली. माझ्या २४-७० झूमने काढलेले जुने फोटो उघडले आणि कुठला फोटो किती एमएमवर काढलाय ते बघत बसलो. निम्म्याहून जास्त २४ वर, उरलेले बरेचसे ७० वर, मधे जवळपास दुष्काळच. झालं, ठरलं, २४! असं वाटून रात्री झोपलो आणि सकाळी ट्यूब पेटली की २४ मला आवडतो म्हणून नाही, झूमची रिंग तिथे अडते म्हणून ते फोटो २४ वर आहेत. १८ ला अडली असती तर १८ वर असते.

बरं त्या २४ वाल्या फोटोंत आहे काय, तर खालचा अर्धा भाग रस्ता, वरती भरपूर आकाश आणि मधे बारीकसा माणूस किंवा वारुळाएवढा झालेला डोंगर. आपण समजतो वाइड म्हणजे सगळं मावणार, आणि मावतं पण, पण मावलेलं सगळं लांब जातं. त्यात खरी गंमत आणायची तर कुणाच्या तरी अगदी जवळ जावं लागतं, हातभर अंतरावर. फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर २८ लावून गर्दीत घुसायचा. माझा स्वभाव लग्नातसुद्धा खांबामागे उभं राहण्याचा. म्हणजे हा प्रश्न लेन्सचा कमी आणि माझ्या पायांचा जास्त आहे, आणि पायांचे रिव्ह्यू कुठे मिळत नाहीत.

अ‍ॅपर्चरचं, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याच्या भोकाचं, त्रांगडं वेगळंच. एफ १.४ म्हणजे एफ २.८ च्या चौपट उजेड, मोह होतोच. तारे काढायला बरी असं मनाला पटवत होतो, ५०० ला २४ ने भागलं की तारे न ओघळता शटर उघडं ठेवायला साधारण २० सेकंद मिळतात वगैरे (आताच्या सेन्सरवर तेवढ्यातही तारे लांबट दिसतात ते सोडा), कोपऱ्यात ताऱ्यांना पंख फुटतात का तेही तपासलं. नंतर आठवलं की गेल्या वर्षी मी तारे काढायला दोनदा गेलो आणि त्यातल्या एकदा ढग होते. तेवढ्यासाठी वर्षभर गळ्यात वजन लटकवायचं?

आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सला मागे सरकायला जागाच नसायची, म्हणून तर फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने १९५० मधे ३५ एमएमची रेट्रोफोकस लेन्स काढली, उलट्या टेलीसारखी रचना. आता मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा गेला, वाटलं वाइड लेन्स एकदम इवल्याशा होतील. काही झाल्याही, पण बऱ्याचदा वाचलेल्या जागेत कंपन्यांनी अजून काच भरली.

शेवटी झूमची रिंग २८ वर आणून वर टेप चिकटवली आणि आठवडाभर तशीच वापरली. पहिले दोन दिवस हात सारखा रिंगकडे जायचा. तिसऱ्या दिवशी घरी सगळे जमले होते, ग्रुप फोटोत आत्या नेमकी कडेला आणि फोटो बघून म्हणाली, मी एवढी रुंद कधी झाले रे? कडेला ताणलं जातं गं, असं सांगितलं तर म्हणे मग मला मधे घे. मधे घेतली, आणि बाकीचे फ्रेमबाहेर जाईपर्यंत जवळ गेलो, इतका की ती हसायला लागली. तेवढाच एक फोटो बरा आलाय आठवड्यात.

टेप काल काढली. रिंगवर २८ च्या आकड्याजवळ चिकट राहिलंय, फिरवताना बोट तिथेच अडतं. पुसायचं म्हणतोय.